नव्या प्रणालीत जुनी मराठी सूची वाचताच येत नाही: काय तपासावे आणि काय अजिबात करू नये

सार्वजनिक ग्रंथालयांत ही तक्रार आता ठरलेली आहे. कोहा, ई-ग्रंथालय किंवा सोल यांपैकी एखादी नवी ग्रंथालय-संगणकप्रणाली बसवली जाते, जुन्या संगणकातली सूची तिच्यात भरली जाते. इंग्रजी पुस्तके नीट दिसतात, पण मराठी शीर्षकांच्या जागी रोमन अक्षरे, उच्चारचिन्हे आणि चौकोन उमटतात. लेखकाचे नाव टाकून शोधले तर शून्य निकाल. मग प्रणाली बसवणारा सांगतो, "डेटा खराब झालाय, मराठी नोंदी पुन्हा टंकून घ्या."

लगेच टंकायला बसू नका. बहुतेक ठिकाणी डेटा शाबूत असतो. तो कोणत्या संकेतात (म्हणजे कोणत्या अक्षरासाठी कोणता अंक, या कोणत्या पद्धतीने) साठवला होता, एवढीच माहिती हरवलेली असते. पुन्हा टंकताना दाखल नोंदवहीतून शीर्षक, लेखक, किंमत एवढेच उतरवले जाते. आधीच्या ग्रंथपालांनी एकेक पुस्तक उघडून लिहिलेले अनुवादकाचे नाव, मालिकेचे नाव, विषयशीर्षके, 'शेवटची पाने नाहीत' असे शेरे हे सगळे त्यात गळून जाते. ते काम एकदा नीट झालेले आहे आणि ते वाचवता येते.

असे का होते

युनेस्कोने १९८० च्या दशकात सीडीएस-आयसिस ही संगणकप्रणाली ग्रंथालयांना मोफत दिली. भारतात निस्सॅट या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक माहिती यंत्रणेने तिचा प्रसार केला आणि पुढे तिची विंडोजवर चालणारी आवृत्ती, विन-आयसिस, आली. महाविद्यालयांच्या आणि मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कितीतरी सूच्या त्यातच जन्मल्या. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांनी फॉक्सप्रो, ॲक्सेस किंवा सरळ एक्सेल वापरले.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीचा आजचा सामाईक संकेत, ग्रंथालयाच्या संगणकापर्यंत पोचायला तेव्हा अवकाश होता. मराठी साठवण्याचे दोन मार्ग होते. पहिला इस्कीचा. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसमधल्या प्रणालीतही देवनागरी उमटायची. त्यामागचा इस्की संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठतात, आधी व्यंजन आणि मग वेलांटी. युनिकोडचा देवनागरी विभागही इस्कीच्याच आराखड्यावर बेतलेला असल्यामुळे अशा डेटाचे रूपांतर बरेच सरळ होते.

दुसरा मार्ग फाँटचा, आणि खरी डोकेदुखी इथे आहे. डीव्ही-टीटी सुरेख, श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचा किंवा चिन्हांचाच असतो, फक्त त्या अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेला असतो. अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठतात. 'मार्मिक' हा शब्द घ्या. त्यात 'मि'ची वेलांटी व्यंजनाच्या आधी साठते आणि रफार त्या व्यंजनाच्या नंतर. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला चिन्हे बदलून भागत नाही, वेलांटी आणि रफार उचलून योग्य जागी न्यावे लागतात. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचीही वेगळी. म्हणून महाजालावर मिळणारे 'श्रीलिपी ते युनिकोड' असे एखादे साधन तुमच्या डेटावर चालले नाही, तर डेटा बिघडला असा अर्थ होत नाही. फाँटची आवृत्ती जुळली नाही एवढेच.

सर्वांत आधी: काहीही उघडून जतन करू नका

नुकसान जुन्या संगणकाने फारसे होत नाही, ते घाईच्या दुरुस्तीने होते. एक्सेलमध्ये युनिकोड मराठी असलेली फाइल साध्या सीएसव्ही प्रकारात (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला नुसता मजकूर) जतन केली की प्रत्येक देवनागरी अक्षराचे प्रश्नचिन्ह होते. ही प्रश्नचिन्हे परत अक्षरे होत नाहीत, कोणत्याही साधनाने नाही. चौकोन आणि विचित्र चिन्हे दिसत असतील तर आशा आहे. जतन केलेल्या फाइलीत खरी प्रश्नचिन्हे असतील तर मागची प्रत शोधावी लागते. सीएसव्ही करायचीच असेल तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो, तोच निवडा; यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड साठवण्याची पद्धत. आणि अशी फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडू नका. 'डेटा' पानावरून आयात करताना यूटीएफ-८ सांगा.

फाँटमधला मजकूर वर्डमध्ये चिकटवणे हाही धोका आहे. वर्ड वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, सरळ अवतरणचिन्हे वळणदार करतो. त्या फाँटात लहान-मोठी अक्षरे आणि अवतरणचिन्हे हीच मराठी अक्षरे असतात. म्हणजे तुमच्या नकळत अक्षरे बदलली जातात आणि नंतर रूपांतरात भलतेच शब्द निघतात.

म्हणून जुन्या संगणकातला सूचीचा संपूर्ण फोल्डर, त्यातले काहीही न उघडता, दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. विन-आयसिस असेल तर फक्त मुख्य एमएसटी फाइल घेऊन चालत नाही. एक्सआरएफ, एफडीटी, एफएसटी आणि पीएफटी या फाइलीही हव्यात. सोबत त्या संगणकाच्या फाँट फोल्डरमधले सगळे फाँट घ्या. हा फोल्डर विसरला जातो, संगणक भंगारात जातो आणि नंतर तो नेमका फाँट शोधण्यात महिने निघतात. नवी प्रणाली नीट चालून पुढची ग्रंथगणना तिच्यावर पार पडेपर्यंत जुना संगणक निर्लेखित करू नका. कार्यकारिणीचा जागेसाठी तगादा असतो, तरी या एका बाबतीत ग्रंथपालाने ठाम राहावे असे मला वाटते.

संकेत कसा ओळखावा

शीर्षक पक्के ठाऊक असलेली एक नोंद दाखल क्रमांकाने काढा. त्यात पहिली वेलांटी असलेला शब्द हवा. कच्च्या मजकुरात वेलांटीचे चिन्ह व्यंजनाच्या आधी येत असेल तर फाँट, नंतर येत असेल तर इस्की. फाँटचे नाव शोधायला विन-आयसिसमध्ये पीएफटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये, म्हणजे तिची प्रत, उघडा. छपाईच्या आराखड्यात सुरुवातीलाच फाँटांची नावे दिलेली असतात. एक्सेलमध्ये प्रत्येक घरावर फाँटचे नाव असते, पण सीएसव्ही केली की ते जाते, म्हणून मूळ एक्सेल फाइल सांभाळा.

सूचीत दोन फाँट असू शकतात, हेही लक्षात ठेवा. एका वर्षी एक टंकलेखक होता, पुढे दुसरा आला आणि त्याने आपल्या सवयीचा फाँट घेतला. रूपांतर एका दाखल क्रमांकापर्यंत उत्तम चालते आणि पुढे सगळे निरर्थक निघते, तेव्हा हेच घडलेले असते. तिथे डेटाचे दोन तुकडे करा आणि दोन वेगळ्या तक्त्यांनी, म्हणजे कोणत्या चिन्हाऐवजी कोणते अक्षर हे सांगणाऱ्या याद्यांनी, रूपांतर करा.

विन-आयसिसमधून बाहेर काढताना

निर्यात आयएसओ २७०९ या, ग्रंथालयांच्या नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी ठरलेल्या प्रकारात होते आणि फाइलीला आयएसओ असे शेपूट लागते. सीडीच्या प्रतिमेलाही (म्हणजे पूर्ण सीडीची हुबेहूब नक्कल असलेल्या एका फाइलीलाही) नेमके तेच शेपूट असते, त्यामुळे विंडोज ती फाइल सीडी समजून जोडू पाहतो आणि 'फाइल दूषित आहे' असे सांगतो. ती दूषित नसते.

निर्यातीच्या खिडकीत दोन गोष्टी बदला. ओळीची लांबी मुळात ८० असते, ती शून्य करा. नाहीतर प्रत्येक ८० अक्षरांनंतर ओळ तुटते आणि मार्क, म्हणजे ग्रंथालय-नोंदींचा आंतरराष्ट्रीय आराखडा, वाचणारी प्रणाली अडखळते. दुसरे, आयसिस क्षेत्र (नोंदीतला एकेक रकाना) आणि नोंद संपल्याची खूण म्हणून # हे चिन्ह घालते. मार्कमध्ये त्यासाठी अनुक्रमे ३० आणि २९ हे संकेत लागतात. ते तिथेच भरता येतात. 'आयात शून्य नोंदी' असे उत्तर येते त्यामागे बहुधा यांपैकीच एक कारण असते.

मग क्षेत्रांची जुळवणी. आयसिसमध्ये प्रत्येक ग्रंथालयाने आपापले क्षेत्रक्रमांक ठरवलेले असत, ते एफडीटी फाइलीत सापडतात. मार्कमध्ये शीर्षक २४५, मुख्य लेखक १००, विषय ६५० असे ठरलेले आहे. मार्कएडिट हे मोफत साधन या कामाला चांगले आहे. फाँटचे रूपांतर मात्र सरसकट करू नका, फक्त मराठी क्षेत्रांवर करा. दाखल क्रमांक, आयएसबीएन, वर्गांक आणि इंग्रजी शीर्षके रोमन अक्षरांतच असतात. सगळ्यावर तक्ता चालवला तर चांगल्या इंग्रजी नोंदी बिघडतात.

रूपांतर नीट झाले का हे पाहायला मी काही शब्द हाताशी ठेवते: वाङ्मय, विद्यार्थी, निर्मिती, कर्तृत्व, हृदय, ज्ञान, द्वंद्व, दुसऱ्या, ॲटलास. त्यांत रफार, वेलांटी, ऋकार, जोडाक्षर सगळे येते. 'वाङ्मय' आपल्या शीर्षकांत सारखा येतो आणि तोच सर्वांत जास्त वेळा 'वाड्मय' होऊन निघतो. १९५० पर्यंतच्या पुस्तकाचे शीर्षक संशयास्पद वाटले तर शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत ताडून पाहा. तिचे दोन भाग १८०० ते १९५० हा काळ व्यापतात.

दिसते बरोबर, पण शोधात येत नाही

हा पुढचा टप्पा, आणि याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. पडद्यावर 'किनाऱ्यावर' असे स्पष्ट दिसते, वाचक तोच शब्द टंकतो, आणि पुस्तक नाही असे उत्तर येते. कारण युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. रूपांतरात ते अदृश्य चिन्ह गळाले तर 'किनार्यावर' असे सरळ चुकीचे रूप तयार होते.

'ॲ'चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी अ आणि चंद्र जोडून काम भागवत, कधी मध्ये अदृश्य चिन्ह घालून. तिन्ही रूपे एकाच सूचीत सापडतात. याशिवाय देवनागरी २ आणि रोमन 2, 'संबंध' आणि 'सम्बन्ध' अशा जोड्याही शोधात वेगळ्या ठरतात.

उपाय असा की एक रूप ठरवायचे आणि सूची भरण्याआधीच सगळीकडे तेच करून घ्यायचे. ऱ आणि ॲ ही स्वतंत्र अक्षरे निवडावीत असे माझे मत आहे, कारण अदृश्य चिन्हे नक्कल करताना कुठेही गळतात. शब्दांचे मूळ लेखन मात्र बदलू नका. जुन्या पुस्तकावर 'सम्बन्ध' छापले असेल तर शीर्षकात तेच राहू द्या आणि आजचे रूप पर्यायी शीर्षकाच्या २४६ या क्षेत्रात घाला. मग दोन्हींनी पुस्तक सापडते.

पीडीएफ वाचता येते, शोधता येत नाही

संस्थेची स्मरणिका, जुने दिवाळी अंक, वार्षिक अहवाल छापखान्यातून पीडीएफ म्हणून मिळालेले असतात. दिसायला सुंदर, पण एखादे नाव शोधले तर काही नाही आणि नक्कल केली तर पुन्हा तीच विचित्र चिन्हे. फाँट फाइलीत गुंफलेला असल्यामुळे आकार बरोबर दिसतात, खालचा मजकूर जुन्याच संकेतात असतो. इथे मजकूर काढून रूपांतर करण्यापेक्षा पानाच्या प्रतिमेवरून अक्षरे ओळखून घेणे सोपे पडते. टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी ओळखते आणि स्वच्छ छपाईवर चांगले काम करते. ओसीआर-माय-पीडीएफ वापरत असाल तर ते 'या पानावर मजकूर आधीच आहे' म्हणून थांबते. त्याला जुना थर टाकून नव्याने ओळखायला सांगणारा 'फोर्स ओसीआर' हा पर्याय द्यावा लागतो.

जतनासाठी पीडीएफ/ए हा प्रकार सुचवला जातो आणि तो चांगला आहे, पण त्याच्या पातळ्या आहेत. 'बी' पातळी फक्त दिसण्याची हमी देते. 'यू' पातळीत प्रत्येक अक्षर युनिकोडशी जोडलेले असावे लागते. मराठीसाठी हा फरक फार मोठा आहे. निविदेत 'पीडीएफ/ए-२यू' असे स्पष्ट लिहा.

पाने नुसती चित्रे करून ठेवली की काय होते हे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या संग्रहात आपण पाहिले आहे. पाने टिफ प्रतिमा होत्या, त्या पाहायला ब्राउझरमध्ये वेगळी जोडणी लागे, आणि मराठी पुस्तकांची शीर्षके रोमन लिपीत, मनाला येईल तशी लिहिलेली. ते संकेतस्थळ पुढे बंद पडले. पुस्तके आज इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात ती प्रती तिथे गेल्या म्हणून. तरीही एखादे शीर्षक शोधायला त्याची चार-पाच रोमन रूपे करून पाहावी लागतात.

पुस्तकाच्या पाकिटातली सीडी

आधी ठरवा की अडचण कोणती आहे. ड्राइव्ह नाही, तबकडी वाचली जात नाही, की वाचली जाते पण आतला कार्यक्रम चालत नाही? ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घ्या, तो अजून सहज मिळतो.

तबकडी वाचली जात नसेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी दुसरा वाचतो, हे वारंवार घडते. सीडीत माहितीचा थर चकचकीत बाजूला नसून छापील बाजूच्या अगदी खाली असतो. म्हणून ग्रंथालयाचा शिक्का, दाखल क्रमांकाची चिकटपट्टी आणि बॉलपेनने लिहिलेला क्रमांक यांनीच ती जास्त खराब होते. चिकटलेली पट्टी ओढून काढू नका, थर तिच्यासोबत निघतो. वाचली जात असेपर्यंत पूर्ण सीडीची प्रतिमा करून ठेवा. अडखळणाऱ्या तबकडीसाठी डीडी-रेस्क्यू वापरा, ते खराब भाग बाजूला ठेवून आधी चांगला भाग उतरवते.

कार्यक्रम चालत नसेल तर तो बहुधा १६-बिटचा असतो आणि आजच्या ६४-बिट विंडोजवर चालूच शकत नाही. आभासी संगणकात, म्हणजे आजच्या संगणकातच चालणाऱ्या दुसऱ्या संगणकासारख्या कार्यक्रमात, जुने विंडोज बसवून, अर्थात परवाना असेल तर, तो चालतो. काही धडे आणि कोश फ्लॅश या अडोबीच्या प्रणालीत केलेले असतात. तिचा अधिकृत आधार २०२० च्या ३१ डिसेंबरला संपला, पण रफल या मुक्त साधनावर त्यांतले बरेचसे उघडतात.

फ्लॉपीचे थोडक्यात: साडेतीन इंची असेल तर आधी कोपऱ्यातली पट्टी सरकवून भोक उघडे करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिले जाणार नाही, आणि यूएसबी ड्राइव्हने लगेच उतरवून घ्या. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि वेगळी जोडणी लागते. ते जाणकाराकडे द्या.

ध्वनिफिती मात्र रांगेत पुढे घ्या. फीत टिकली तरी ती वाजवणारे चांगले यंत्र आणि ते दुरुस्त करणारा माणूस दोन्ही झपाट्याने कमी होत आहेत. कोकणात आणि गोव्यात बुरशीचाही प्रश्न आहे. बुरशी आलेली फीत यंत्रात घालू नका, ती यंत्रातून पुढच्या फितीवर जाते. ध्वनी उतरवताना एमपी३ वर थांबू नका. जतनाची प्रत वेव्ह प्रकारात, किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटने करा. सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) असतील तर स्कॅन झाले म्हणून ते फेकू नका. ते वाचायला दिवा आणि भिंग पुरते. फक्त व्हिनेगरसारखा वास येऊ लागला असेल तर तो डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा.

कायद्याने काय चालते

प्रताधिकार कायद्यात २०१२ साली आलेल्या ५२(१)(एन) या तरतुदीनुसार, ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत आधीपासून असेल तर अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला ती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. छापील पुस्तक किंवा ध्वनिफीत यात बसते. सीडी मुळातच डिजिटल असल्याने तिला हा आधार सरळ लागू पडत नाही. संगणकीय कार्यक्रमाची नुकसानीपासून बचावासाठी प्रत ठेवण्याची वेगळी मुभा ५२(१)(एए) मध्ये आहे. साठवणे आणि सर्वांसाठी महाजालावर ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षे उलटलेली असावीत किंवा परवानगी हवी.

नोंद कुठे ठेवायची

दाखल नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहा: मूळ प्रकार काय, उतरवल्याची तारीख, फाइलीचे नाव, दोन प्रती कुठे आहेत. फाँटचे रूपांतर केले असेल तर मूळ फाँटचे नाव आणि वापरलेला तक्ताही. प्रत्येक फाइलीचा शा-२५६ अंक (फाइलीतले एक अक्षर बदलले तरी बदलणारा तिचा ठसा) काढून वेगळ्या फाइलीत ठेवा. पुढच्या ग्रंथगणनेला पुस्तकांसोबत या फाइलीही काढा. अंक जुळतो का पाहा, आणि प्रत्येक प्रकारातली एक फाइल त्या वेळच्या साध्या संगणकावर उघडून वाचा. उघडली नाही तर त्याच वर्षी ती नव्या प्रकारात न्या. मूळ फाइल मात्र तशीच राहू द्या. उद्या कुणाला जास्त चांगला तक्ता मिळाला तर रूपांतर पुन्हा तिच्यावरूनच करावे लागेल.